चावडीच्या उंबऱ्यावर झुंबरबाई

झुंबरबाई निवांत बसली आहे असं दृश्य हसनाबादच्या आसपास कुणी पाहिलं असेल, तर त्यानं खुशाल पुढं यावं. असा माणूस सापडायचा नाही. भाकरी थापायला ती बसायची, नाही असं नाही, पण तेव्हाही एक गुडघा वर आणि कान दाराकडं. भाकर तव्यावर पडली की ही उठून गोठ्यात, गोठ्यातून परसात, परसातून पुन्हा चुलीपाशी, तोवर भाकर एका अंगानं करपलेली. "झुंबर, तुझ्या पायाला भिंगरी बांधली का गं?" म्हणून बायका चिडवायच्या. बायका हसायच्या, झुंबरबाई हसायची नाही. बसलं की डोक्यात एक बोरीचं झाड उभं राहतं, हे तिनं कुणाला सांगावं?

ते झाड तिच्याच शेताच्या कडेला होतं. शेजार लालमियाँच्या बापाचा. झुंबरबाईचा नवरा मच्छिंद्र आणि धाकटा दीर कारभारी, दोघे भाऊ कष्टाळू. पण कष्टाळू माणसाला दुसऱ्याची जमीन जास्त काळी दिसते. दर नांगरटीला बांध थोडा कोरायचा, असं करता करता एका उन्हाळ्यात त्यांनी हद्दीचा दगडच उपटला, बोरीखाली खड्डा करून पुरला आणि नवा दगड शेजाऱ्याच्या रानात आत नेऊन रोवला. झुंबरबाई तेव्हा भाकरी घेऊन आलेली. डोक्यावर टोपलं, काखेत तान्हा बद्रीनाथ. दोघे भाऊ खड्ड्यावर माती ओढत होते.

"वहिनी, तुम्ही काई पाह्यलं का?" कारभारीनं हसून विचारलं.

"मी काय पाहू? भाकर खाऊन घ्या," ती म्हणाली.

लालमियाँच्या बापानं पंच बोलावले. पंचांनी आपल्याकडच्या रीतीनं निवाडा केला. हद्दीचा वाद असला की दावा सांगणाऱ्यानं डोक्यावर त्याच रानातलं ढेकूळ घ्यायचं, ओंजळीत खंडोबाचा बेल आणि भंडारा घ्यायचा आणि चालायचं. तो जिथून चालेल ती हद्द. खोटं चालला तर खंडोबा आहे आणि तो आहे. मच्छिंद्र पुढं चालला, कारभारी मागं. दोघांच्या ओंजळी पिवळ्या. लालमियाँच्या बापानं दोन्ही हात कानाला लावले आणि तो घरी गेला.

पुढच्या पावसाळ्यात पटकी आली आणि मच्छिंद्र गेला. खरं तर त्या पटकीनं अर्धी आळी नेली. ज्यांनी जन्मात कधी बेल-भंडारा उचलला नव्हता ते म्हातारेकोतारेही गेले. पण हे गणित झुंबरबाईला कोण समजावणार? तिनं आपलं गणित केलं होतं. देवानं बाप उचलला, आता खातं पोराच्या नावावर चालू आहे. म्हणून ती बसायची नाही. बसलं की देवाला आपण सापडू, असं काहीसं तिला वाटत असावं.

कारभारीचं मात्र बरं चाललं होतं. भावाच्या मागं त्यानं दोन्ही शेतं पाहिली, वहिनीच्या वाट्याचं धान्य दर साली तिच्या दारात टाकलं, आणि असं करता करता त्याचं पोट आणि पागोटं दोन्ही मोठं झालं. कारभारी वाईट माणूस नव्हता, असं निदान त्याचं स्वतःचं मत होतं.

पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीचा दुसरा हिवाळा. शाळूला कणसं धरली होती. निजाम सरकारनं हैदराबादेत नवी मजलिस, म्हणजे कायदेमंडळ, बसवायचं काढलं आणि त्यासाठी मतं मागितली. मत सगळ्यांना नव्हतं. ज्याच्या नावावर जमिनीचा पट्टा असेल त्याला, आणखी कुणाकुणाला. झुंबरबाईच्या शेताचा पट्टा मच्छिंद्रच्या मागं तिच्या नावावर झालेला, म्हणून गावातल्या बायकांत तिला एकटीला मत आलं. बायकांना त्याचं मोठं अप्रूप वाटलं. झुंबरबाईला ते कुणीतरी दुसऱ्याचं वासरू आपल्या दावणीला बांधून गेल्यासारखं वाटलं.

उभं कोण होतं, तर गावच्या काकासाहेब देशमुखांचे साडू. आणि नको म्हणणारे कोण होते, तर बद्रीनाथ आणि त्याच्यासारखी टोपी घातलेली पोरं. काँग्रेसनं बहिष्कार पुकारला होता. ज्या मजलिशीत खरं राज्य लोकांच्या हाती येणार नाही तिला मत कशाला, असं ती पोरं गावोगाव सांगत फिरत. काकासाहेबांना हे झोंबलं. पोरांचं ऐकून पट्टेदार घरी बसले तर साडूपुढं तोंड कसं दाखवायचं? त्यांनी कारभारीला बोलावलं, आणि कारभारीनं त्यांना जुना उपाय सांगितला. बेल-भंडारा.

गावातले पट्टेदार एकेक करून खंडोबाच्या देवळात गेले आणि ओंजळ पिवळी करून आले. मतदानाच्या दिवशी हसनाबादेला जाईन, पिवळ्या पेटीत चिठ्ठी टाकीन. पेट्यांना रंग दिलेले होते, वाचता न येणाऱ्यांच्या सोयीसाठी. साडूंच्या पेटीचा रंग पिवळा निघाला, तेव्हा कारभारी म्हणाला, "घ्या, खंडोबाचाच रंग. आनखी काय पाह्यजे?"

झुंबरबाई देवळात गेली नाही. मग कारभारीच भंडाऱ्याची वाटी आणि बेलाचं पान घेऊन तिच्या दारात आला.

"भावजी, बायामान्साला कशाला?"

"पट्टा बायामान्साच्या नावावर हाय का न्हाई? मंग?" कारभारी ओट्यावर टेकला. आवाज खाली घेऊन म्हणाला, "वहिनी, सगळ्या गावानं उचलला. तुम्ही एकट्या ऱ्हाल्या तर लोक काय म्हनतील? मच्छिंद्राच्या घराला भंडाऱ्याचं भ्या कशाला वाटून राह्यलं, असं कुनी इचारलं तर मी काय सांगू?"

झुंबरबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तो हसत होता, बोरीखाली हसला होता तसाच. तिनं हात पुढं केले. तळव्यावर भंडारा पडला, वर बेल पडला, आणि कारभारीनं शब्द सांगितले ते तिनं म्हटले. शेवटचे शब्द त्यानं पदरचे घातले. "शब्द मोडला तर माझ्या बद्रीनाथावर येऊ दे." तेही ती म्हणाली. म्हणेपर्यंत तिला कळलंच नाही की आपण काय म्हणतोय. कळलं तेव्हा कारभारी ओट्याखाली उतरला होता.

त्या दिवसापासून बाईचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. बैलाची पेंड म्हशीपुढं, म्हशीचं आंबोण बैलापुढं. कालवणात मीठ दोनदा, नाहीतर नाहीच. विहिरीवर जायची आणि घागर घरी राहिलेली. तळवे राखेनं घासले, चिंचेनं घासले. पिवळं गेलं, तरी ती मधूनच हात उन्हात धरून पाहायची.

बद्रीनाथ भोकरदनकडून आला तो आठवडाभराची दाढी वाढवून. मुलगा बापाच्या तोंडवळ्याचा, उंच, जरा वाकून चालणारा. जेवायला बसला आणि पहिल्या घासालाच म्हणाला, "आई, तू बी उचलला म्हनं."

"कुनी सांगितलं?"

"सगळ्या गावाला ठावं हाय. काकानं देवळाबाहीर सांगितलं." त्यानं भाकर खाली ठेवली. "आई, आमी चावडीच्या दारात आडवं पडनार हाव. चार पोरं. ज्याला आत जायचं त्यानं आमच्या अंगावरून जावं."

झुंबरबाई पाणी घ्यायला उठली होती, ती तशीच उभी राहिली. "तू बी?"

"मी पहिला. उंबऱ्याला लागून."

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. निजलेल्या माणसाला ओलांडू नये, हे आपल्याकडं रांगत्या पोरालाही माहीत असतं. ओलांडलं की त्याची वाढ खुंटते, आयुष्य तुटतं. चुकून पाय पडलाच पलीकडं, तर आल्या पावली उलटं ओलांडून यायचं, म्हणजे फिटतं. झुंबरबाईनं बद्रीनाथाला पाळण्यातून काढल्यापासून कधी ओलांडलं नव्हतं. तो दारात आडवा निजला तर ती घराला वळसा घालून मागच्या दारानं आत यायची. अंगात ताप असताना, डोक्यावर सरपणाचा भारा असतानाही.

"तिथं न्हाई निजायचं तू," ती म्हणाली.

"मंग तू येऊ नको."

"मला यावं लागंल. मी तुझ्या नावानं..." आणि ती थांबली. काय बोलली होती ते पोराला सांगायची तिची छाती झाली नाही. बद्रीनाथानं ताट सरकवलं आणि हात धुतला. त्यालाही सगळं ठाऊक होतं. देवळाबाहेर कारभारीनं शेवटचे शब्दही सांगितले होते. आई आणि लेक दोघेही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते.

मतदानाच्या सकाळी काकासाहेबांनी गाड्या पाठवल्या. बैलांच्या शिंगांना हिंगूळ, गाडीत हुरडा आणि गूळ-शेंगदाणे, लग्नाला निघाल्यासारखं सगळं. पट्टेदार धुतलेली धोतरं नेसून बसले. कारभारी स्वतः गाडी हाकत होता. झुंबरबाई मागं पाय सोडून बसली, म्हणजे बसली असं म्हणायचं. गाडी जरा हळू झाली की उतरून चालायची, पुन्हा चढायची. "वहिनी, बैलाला तुमच्याहून जास्त आराम हाय," कारभारी म्हणाला. गाडीतले हसले.

तिला परत फिरावंसं वाटत होतं आणि बैल लवकर चालावेत असंही वाटत होतं. गेलं नाही तर शब्द मोडला, पोरावर येणार. गेलं तर पोराला ओलांडायचं, पोरावरच येणार. इकडं आड तिकडं विहीर म्हणतात ते ऐकायला ठीक असतं. दोन्हीच्या तळाशी आपलंच लेकरू दिसायला लागलं की त्या म्हणीत काही दम राहत नाही.

हसनाबादची चावडी गजबजून गेली होती. चावडीला पुढून एकच दार. मागं एक दार होतं, पण ते कोंडवाड्यात उघडायचं. लोकांच्या पिकात शिरलेली मोकाट जनावरं धरून कोंडायची ती जागा, गुडघाभर शेणानं भरलेली. दाराबाहेर दोन जवान, आत टेबलापाशी भोकरदनहून आलेले साहेब, पलीकडं पडदा लावून पेट्या. आणि उंबऱ्याला लागून, दारात आडवी, चार पोरं. पहिला बद्रीनाथ. छातीवर हात, डोळे आढ्याकडं.

पोरं काही बोलत नव्हती. घोषणा नाही, शिवी नाही. त्यामुळंच पंचाईत होती. साहेब समजूतदार होता. जवानांना म्हणाला, ओढाताण नको, भोकरदनहून जास्त माणसं मागवली आहेत, तोवर ज्याला जायचं त्याला जाऊ द्या. मग ज्याला जायचं तो दारापाशी यायचा, पायाखाली कुणाचा पोर आहे ते पाहायचा आणि धोतराचा सोगा खोचल्यासारखं करून मागं सरायचा. काही जण डोळे मिटून गेले. एक जण आत जाऊन, मत न देता, लगेच उलटं ओलांडून बाहेर आला आणि "फिटलं, फिटलं" म्हणत घरच्या वाटेला लागला. रांगेत लालमियाँ उभा होता. बाप जाऊन त्याला वर्षं झाली होती. त्यानं झुंबरबाईला पाहून मान हलवली, नेहमीसारखी. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला ओळख द्यावी एवढीच.

कारभारी पुढं झाला. मोठ्यानं खाकरला, म्हणजे काकासाहेबांकडं बातमी जायला नको का? आणि त्यानं सख्ख्या पुतण्याच्या अंगावरून पाय टाकला. एक, मग दुसरा. पायात जोडे होते ते काढलेसुद्धा नाहीत. जोड्याची धूळ बद्रीनाथाच्या सदऱ्यावर पडली.

झुंबरबाईनं ती धूळ पाहिली.

कारभारी आत जाऊन पेटीत चिठ्ठी टाकून आला आणि दाराच्या आतल्या बाजूला उभा राहिला. "या वहिनी. चला जल्दी. शब्द दिला हाय."

ती उंबऱ्याशी आली. बद्रीनाथानं मान वळवली आणि आईकडं पाहिलं. तिनं लुगडं आवरलं, उजवा पाय उचलला आणि त्याच्या अंगावरून पलीकडं टेकवला. डावा उचलेना. एक पाय अलीकडं, एक पाय पलीकडं, खाली लेक, अशी ती उभी राहिली. आयुष्यभर जिचे पाय थांबले नव्हते तिचे पाय तिथं थांबले.

"आई," बद्रीनाथ हळूच म्हणाला. "जा. तू माझ्या नावानं काय बोलली ते मला ठावं हाय. जा तू. मंग येताना उलटं वलांड, म्हंजे फिटंल. मी हितंच हाय. हलत न्हाई."

ज्याला वाचवायला ती निघाली होती तोच तिला वाट काढून देत होता. आणि जो उभा होता तो जोड्यासकट उभा होता. तिनं मान वर करून कारभारीकडं पाहिलं, नीट पाहिलं, कित्येक वर्षांत पहिल्यांदा. भरलेले गाल, तेल लावलेल्या मिशा, दोन्ही डोळे शाबूत. दोन ओंजळी पिवळ्या झाल्या होत्या. एक तिच्या नवऱ्याची. दुसरी ह्याची.

तिनं पलीकडचा पाय परत घेतला.

"भावजी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला. "बोरीखाली दोघांनी दगड पुरला. भंडारा बी दोघांनी उचलला. बद्रीचे वडील गेले. तुमाला काय झालं?"

"वहिनी! काय बोलून राह्यल्या?"

"तुमाला काय झालं ते इचारते. पटकी आल्ती तव्हा तुमी दुसरी बैलजोडी घेतली. देवाला खोटं ठावं हाय म्हनता, मंग त्याला तुमचंच घर कसं सापडलं न्हाई?"

"पोराच्या मुळावर यील, वहिनी! तोंडातून शब्द काढलाय तुमी!"

"काढला न्हाई, तुमी घातला," झुंबरबाई म्हणाली. मग ती रांगेकडं वळली. मेलेल्या नवऱ्याची अब्रू चारचौघांत उघडी करायची होती. ती गोष्ट सोपी नव्हती आणि तिनं ती सोपी असल्याचं सोंगही केलं नाही. रडतच म्हणाली, "लालमियाँ, तुमच्या बापाचं खरं व्हतं. बांध आमी खाल्ला. मी डोळ्यानं पाह्यलं आन गप ऱ्हायले."

लालमियाँनं खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला, परत खांद्यावर टाकला आणि रांग सोडून चालता झाला.

आणि झुंबरबाई उंबऱ्यावर आडवी झाली. लेकाच्या अलीकडं, अगदी दाराच्या चौकटीला लागून, डोक्यावरून पदर घेऊन. "आता वलांडा मला," ती म्हणाली.

पोरांना ओलांडणं एक वेळ जमतं. पण थोरल्या भावजयीला, आईच्या जागी असलेल्या बाईला, गावादेखत दीर कसा ओलांडणार? कारभारी आत अडकला. भोकरदनची माणसं अजून पोचली नव्हती. जवानांनी साहेबाकडं पाहिलं, साहेबानं जवानांकडं पाहिलं. बाईच्या अंगाला हात कोण लावणार? साहेबानं शेवटी कपाळावरचा घाम पुसला आणि कोंडवाड्याचं दार उघडायला लावलं.

मतदान त्यामुळं बंद पडलं असं नाही. कोंडवाड्यातून, शेणातून, दोन भाकड गायी आणि एका मारक्या गोऱ्ह्याच्या बाजूनं, ज्याला मत द्यायचं होतं त्यानं दिलं. पण धुतलेल्या धोतरांना ती वाट मानवली नाही. मोठमोठे पट्टेदार दारापर्यंत जाऊन नाकाला सोगा लावून परत फिरले आणि शपथेचं काय, असं कुणी विचारलं तर म्हणाले, "हसनाबादेला जाईन म्हन्लं व्हतं, गेल्तो की! कोंडवाड्याचं कुठं बोलनं झाल्तं?" कारभारी बाहेर आला तो कोंडवाड्यातूनच. ज्या जोड्यांनी पुतण्याला ओलांडलं होतं त्यातला एक आत चिखलात राहिला. तो परत आणायला कारभारी काही गेला नाही.

उन्हं कलली तेव्हा साहेबानं पेट्यांना लाखेचं सील केलं. बद्रीनाथानं आईला उठवलं.

"भ्या वाटतं का गं?" त्यानं विचारलं.

"लई वाटतं," झुंबरबाई म्हणाली. "तुझा हात दाखव. कढत तर न्हाई ना?"

भ्या काही असं एका दिवसात जात नाही. घरी जाईपर्यंत तिनं त्याच्या कपाळाला कितीदा हात लावला. तो शिंकला तर हिच्या काळजात धस्स व्हायचं. रात्र कशीबशी गेली. दिवस उगवताच ती कुदळ घेऊन शेताकडं निघाली आणि बद्रीनाथ तिच्या मागं.

बोरीखाली लालमियाँ आधीच येऊन उभा होता. हात मागं बांधून तो झाडाकडं पाहत होता.

"भाभी, कुठं?" त्यानं एवढंच विचारलं.

तिनं पायानं जागा दाखवली. पोराला खणू दिलं नाही. कुदळ स्वतः चालवली. मुळ्या दगडाभोवती गुंडाळल्या होत्या, त्या तोडाव्या लागल्या. दगड निघाला तो मातकट, काळा, एका कडेला जुन्या शेंदराचा डाग. लालमियाँ खाली वाकला आणि त्यानं तळहातानं दगडावरची माती पुसली, बराच वेळ पुसत राहिला. "अब्बा मरेपर्यंत म्हनायचे, पत्थर जमिनीतच हाय," तो म्हणाला. "आमी म्हनायचो, बुढ्याचं डोकं फिरलंय."

तिघांनी मिळून दगड जुन्या जागी नेला. झुंबरबाईच्या वाट्याची पट्टी तेवढी परत झाली. कारभारीच्या वाट्यातली राहिली ती राहिलीच; त्यानं ती जन्मात सोडली नाही, आणि त्याला काही झालंही नाही. पिकलं पान होऊन, नातवंडं खेळवून गेला.

दगड रोवल्यावर झुंबरबाईनं बद्रीनाथाचा दंड धरून त्याला लालमियाँपुढं उभं केलं.

"ह्याच्या डोक्यावर हात ठेवा आन 'सुटली' म्हना."

पोरंसोरं एकमेकांना शपथ घालतात आणि मग "सुटली म्हण, सुटली म्हण" करत मागं लागतात, ती ही रीत. लालमियाँ संकोचला. "भाभी, बेल-भंडारा तुमच्या देवाचा. मी कोन सोडनारा?"

"शपथ देवाची, पन खोटं तुमच्याशी बोललो. ज्याचं नुकसान झालं त्यानंच म्हनायचं असतंय. देव काय हद्दीला नांगर घेऊन येतो? म्हना."

"आन कालची? काल मोडली ती?"

"तिच्यासाठी मी खंडोबाचे रविवार धरीन. ती माझ्या जीवावर. पह्यली, बांधाची, ती तुमी सोडा."

लालमियाँनं मातीचा हात सदऱ्याला पुसला, तरी तो पुरता स्वच्छ झाला नाही. तसाच त्यानं बद्रीनाथाच्या डोक्यावर ठेवला. त्याला त्याचा बाप आठवला असेल, दोन्ही हात कानाला लावून घरी आलेला. मग तो म्हणाला, "सुटली." आणि थोडं थांबून, जरा मोठ्यानं, "सुटली, भाभी. बिलकुल सुटली."

बद्रीनाथाच्या केसांत माती राहिली. ती झटकायला झुंबरबाईनं हात उचलला आणि तसाच खाली घेतला. मग ती मागं सरली आणि आत्ताच रोवलेल्या दगडापाशी, बांधावर, दोन्ही पाय पुढं पसरून बसली. उन्हं वर आली. गोठ्यात म्हैस खोळंबली असणार, चूल थंडी पडली असणार.

"आई, उठ की," बद्रीनाथ म्हणाला. "धार काढायची ऱ्हायली."

"काढ तू," झुंबरबाई म्हणाली. "मला बसू दे जरा."